देवीच्या दर्शनाला वीस अनोळखी

मंगळवार, संध्याकाळ. बॉबलिंगेन, जर्मनी.

मंगळवारचा उपास मी कुलदेवीचं ऑनलाइन दर्शन घेऊनच सोडते. ह्यांनी काल नवा ब्राउझर घालून दिला, जुना म्हणे चुगल्या करतो. पण नव्यात देवी दिसेचना. लेकीने, ईशाने, दोन्हींत डेव्हलपर टूल्स, म्हणजे पानामागे काय चालतं ते दाखवणारी खिडकी, उघडून बघितलं. जुन्यात पाळत ठेवणाऱ्या कंपन्यांच्या नावांची ही रांग.

"आई, तू दर्शन घेतेस ते या वीसजणांना कळतं. नवा त्यांना अडवतो, आणि व्हिडिओ त्यांच्यातल्याच एकाकडून येतो, म्हणून तोपण अडतो."

"देवळात गर्दी असतेच की."

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण ती मागोमाग घरी येत नाही."

शेवटी जुन्यातच पाहिलं. देवी लगेच दिसली. हात जोडले, डोळे मिटले, तर समोर ते वीसजण. याला दर्शन म्हणायचं का? ताट वाढलंय. बसू की नको?