दीड इंच

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
१४ जानेवारी २०२६

चि. सौ. भारती हिस,

अनेक आशीर्वाद. आज संक्रांत आहे, तरी गोड बोलायचा माझा विचार नाही.

फोन तू उचलत नाहीस. तीन दिवसांत अकरा वेळा लावला. निर्मला म्हणते, वन्संना जरा शांत होऊ द्या. पण एवढं बिघडलंय काय? रविवारी फायनल झाली, तुमच्या कॉलनीच्या मुली खंडव्याच्या टीमकडून एक-शून्यने हरल्या, आणि शेवटच्या मिनिटाला सायलीने मारलेला गोल मी दिला नाही. दिला नाही, कारण तो गोल नव्हता. बॉल वरच्या दांडीला लागून खाली आला, चुन्यावर टप्पा पडला आणि बाहेर उडाला. अख्खा बॉल अख्ख्या रेषेच्या पलीकडे गेला तरच गोल. हा नियम काही मी केलेला नाही. चौतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवताना मुलांकडून तो घोकून घेतला, आणि एकतीस वर्षं या गावात गोलच्या खांबाजवळ स्टूल टाकून, हातात झेंडा घेऊन तो पाळला.

आणि ओरडत कोण होतं? मावा-जिलेबीचे द्रोण घेऊन पन्नास हातांवर बसलेली मंडळी. त्यांना तिथून रेषा दिसते, मला दोन हातांवरून दिसत नाही. एक जण तर म्हशी घेऊन कुंपणाबाहेरून चालला होता, तोही मला अंधा म्हणून गेला. समितीचा सेक्रेटरी रितेश, त्याने लग्नाच्या शूटिंगवाल्याचा ड्रोन आणवला होता. ऐन वेळी त्याची बॅटरी संपली आणि तो सरबताच्या टेबलावर जाऊन बसला. असल्या लोकांच्या हातात फुटबॉल आहे.

पण काल तोच रितेश घरी येऊन सांगून गेला की सव्वीस जानेवारीला मैदानावर माझा सत्कार आहे. सख्ख्या भाचीचा गोल नाकारणारा पंच, असं तो भाषणात म्हणणार आहे. तुम्ही तिघांनी यावं. सायलीला सांग, तोंड फुगवून काही होत नाही. वीस फेब्रुवारीला तिचं लग्न, मामा म्हणून तिला बोहल्यावर मी आणायचं आहे. तोवर राग आवरता घ्यावा. मी कोट शिवायला टाकला आहे.

दीपकरावांना नमस्कार. लोभ आहे असं धरून चालतो. फोन उचललास तर खात्री होईल.

तुझा
वसंतदादा

---

नेपानगर
१८ जानेवारी २०२६

ती. वसंतदादास,

शिरसाष्टांग नमस्कार. रीत म्हणून घातला आहे, मनापासूनचा पुढे बघू.

फोन उचलत नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, हे बरं आहे.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे कारखान्यातून दमून आले होते, तरी हसले. म्हणाले, मास्तरांना विचार, रेषा किती रुंद होती. तेच विचारते. त्या रितेशने ड्रोनमधून उठून दिसावी म्हणून घमेल्याने चुना ओतवला होता. फूटभर रुंद, आणि सगळा जास्तीचा चुना मागे, जाळीच्या बाजूला. खांब पाच इंचांचा. रेषा खांबाएवढीच हवी आणि ती खांबाच्या मागच्या कडेला संपायला हवी, हे दहा वर्षांच्या सायलीला राजघाटावरच्या वाळूत काडीने रेघ मारून कोणी शिकवलं? मी शेजारी बसून तुमच्या चपला राखत होते, मला आठवतंय. दर वर्षी तू सकाळी सहाला जाऊन, दोरी बांधून स्वतः चुना टाकायचास. या वर्षी दुसऱ्यांनी टाकला, तू तो पाहिलास, आणि स्टूल घेऊन गप्प बसलास. का?

सामना संपल्यावर लोक पाहुण्यांच्या मागे धावले, तेव्हा सायलीने टप्प्याची खूण मोजली. चुन्यात बॉलचा खळगा नीट उमटला होता. तो गोल होता, दादा. पोरगी रडली नाही. घरी आली, बूट धुतले, पेपरात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. लग्न झालं की ती नाशिकला जाणार. कॉलनीकडून तिचा हा शेवटचा सामना होता, हे तुला ठाऊक होतं.

तिचा निरोप तिच्याच शब्दांत देते, नाहीतर मी तिखटमीठ लावलं म्हणशील. ज्या मामाला दोन हातांवरचा बॉल दिसला नाही, त्याने मला बोहल्याची वाट दाखवू नये, असं ती म्हणाली. तिने डोईफोडिया गावच्या सदाशिवला विचारलं आहे. तो लगेच हो म्हणाला. तुझा कोट वाया जाणार नाही, सत्काराला घाल.

सव्वीसला आम्हाला जमणार नाही. त्या दिवशी मी पापड लाटणार आहे. लग्नाचे पापड होऊन डब्यात गेलेत, तरी लाटणार आहे.

वहिनींना नमस्कार, त्यांच्यावर लोभ पूर्वीएवढाच आहे.

भारती

---

लोधीपुरा
२१ जानेवारी २०२६

चि. सौ. भारती हिस,

आशीर्वाद, तुझ्या नमस्काराच्याच मापाचे.

सदाशिव. आपला चुलतभाऊ आहे म्हणून जास्त लिहीत नाही, थोडंच लिहितो. सख्ख्या मुलाच्या लग्नात मंगलाष्टका चालू असताना खांबाला टेकून घोरत होता, आणि जाग आल्यावर सगळ्या अक्षता फोटोग्राफरच्या डोक्यावर टाकल्या. फुटबॉलला हात लावायचा नसतो, हे त्याला मागच्या वर्षी कळलं. हा माझ्या जागी उभा राहणार. शाबास.

आता रेषेचं. ती रुंद होती, मला दिसली. मला सगळं दिसतं. पण पंच रेषा आखत नसतो, आखलेल्या रेषेवर निर्णय देत असतो. जमिनीवर जी आहे ती रेषा. नाहीतर उद्या कोणी म्हणेल खांब वाकडा होता, परवा म्हणेल तापीचा वारा उलटा होता. आधीच हरकत का घेतली नाही, विचारतेस. नारळ फुटला होता, प्रमुख पाहुण्यांनी बॉलला लाथ मारून फोटो काढून घेतला होता, आणि मी तेव्हा फावडं घेऊन चुना खरवडायला बसलो असतो तर लोक काय म्हणाले असते? भाचीच्या टीमसाठी मामा रेषा पुसतोय. एकतीस वर्षांत माझ्याकडे कोणी बोट दाखवलेलं नाही. ते मला एका सामन्यासाठी घालवायचं नव्हतं.

आणि मोजमापाचं कौतुक मला सांगू नका. सहा इंच म्हणजे काही सहा फूट नव्हेत. मोकळ्या चुन्यात बॉल घसरतो, खूण सरकते, इंच-दोन इंच इकडेतिकडे व्हायचेच. एवढ्यासाठी कोणी सख्ख्या मामाला लग्नातून काढतं का?

सत्काराला खुर्च्या राखून ठेवायला सांगितल्या आहेत, तीन. लोभ वाढत नसेल तर निदान आहे तेवढा टिकव.

वसंतदादा

---

नेपानगर
२४ जानेवारी २०२६

ती. दादास,

नमस्कार. पोस्टाने हे तुला सव्वीसच्या आत मिळायचं नाही, म्हणून रोज बुऱ्हाणपूरला दूध घेऊन येणाऱ्या लोटूभाऊंच्या हाती देते आहे.

सहा इंच हे तुला कोणी सांगितलं? माझं पत्र तुझ्याजवळ आहे, काढून वाच. सायलीने मोजलं एवढंच मी लिहिलं. किती भरलं ते लिहिलं नाही, कारण ते मलाच माहीत नव्हतं. तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. आज तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती हातातलं काम ठेवून उठली आणि म्हणाली, माझंही सहाच भरलं होतं.

म्हणजे सगळे गेल्यावर तू मैदानावर परत गेलास. त्या गुडघ्यांनी खाली बसलास, टेप लावलास, आकडा पाहिलास. आणि घरी येऊन मला नियम शिकवायला बसलास.

दादा, मला राग गोलचा नव्हता. आमची पोरगी आजवर किती वेळा हरली असेल. तुला दिसलं नसतं तरी मी म्हटलं असतं, वय झालं माणसाचं. पण तुला माहीत होतं. माहीत असून तू तिला तोंड फुगवू नकोस म्हणून सांगितलंस. याची मला लाज वाटते, आणि तुझी लाज वाटायची माझी ही पहिलीच वेळ आहे.

शाल घ्यायला मान वाकवशील तेव्हा एवढं लक्षात असू दे. लोभाचं नंतर बोलू.

भारती

---

लोधीपुरा
२७ जानेवारी २०२६

चि. सायलीस,

आशीर्वाद. तुझ्या आईला लिहायला तोंड नाही, म्हणून तुला लिहितो.

मी पाच वाजता परत गेलो होतो. खांबाच्या मागच्या कडेपासून खळग्याच्या मधापर्यंत सहा इंच. बॉल नऊ इंचांचा, अर्धा साडेचार. दीड इंच आत होता. पण टेप लावायची गरज नव्हती, हे तुला सांगितलं पाहिजे. टप्पा पडला तेव्हा मी चुन्याकडे पाहतच नव्हतो. खांबाकडे पाहत होतो, आयुष्यभर पाहिलं तसं. मला तो आत दिसला. झेंड्याचा हात उठायला लागला, आणि तेवढ्यात मनात आलं की हे लोक म्हणतील, मामा आहे ना. मग चुना दिसला. बरा सापडला. माझ्यासारख्या भित्र्याला लपायला फूटभर जागा पुष्कळ होते.

काल सत्काराला गेलो. रितेशने मला निःपक्षतेचा हिमालय म्हटलं आणि माझं आडनाव चुकवलं. शाल अंगावर पडली, माइक हातात आला. मी सांगितलं की तो गोल होता, मला दिसला होता, आणि मी दिला नाही. निकाल आता बदलत नाही, चषक खंडव्याच्या मुलींकडेच राहील, त्यांची चूक नाही. शाल घडी करून टेबलावर ठेवली. रितेशने माइक काढून घेतला आणि राष्ट्रगीत लावलं, ते आधी एकदा झालेलं असताना. सगळे उभे राहिले, म्हणून मला खाली उतरता येईना. उतरलो तेव्हा मागून कोणीतरी म्हणालंच की लग्नाचं आमंत्रण हातचं गेलं असेल, म्हणून मामा पलटला. ज्याला घाबरलो ते शेवटी ऐकलंच, आणि तुझा गोल घालवून ऐकलं. तुझी माफी मागतो. मला फार वाईट वाटतं आहे, बेटा.

सदाशिव चांगला माणूस आहे. त्याला आदल्या दिवशी भरपूर झोपू द्या. मी मांडवात मागे कुठेतरी बसेन. तेही नको असेल तर तसं कळव.

लोभ मागायचा हक्क नाही, आशीर्वाद मात्र घे.

वसंतमामा

---

नेपानगर
२ फेब्रुवारी २०२६

ती. वसंतमामांना,

सायलीचा नमस्कार. पत्र लिहायची आदत नाही, पण आई म्हणाली पत्राला पत्रच जातं.

तुमच्या भाषणाचा व्हिडिओ रितेशभाईंनीच ग्रुपवर टाकला, मास्टरजी सठिया गए असं लिहून. आमच्या पूर्ण टीमने पाहिला. कॅप्टन पूर्णिमा म्हणाली, जेवढी हिंमत माइकवर बोलायला लागली, त्याच्या अर्ध्यात त्या दिवशी झेंडा वर गेला असता. बरोबर बोलली ती. गोल मिळाला असता तर टायब्रेकर झाला असता, कदाचित त्यातही हरलो असतो. ते चाललं असतं, ते आमचं हरणं असतं. हे आमचं नाही, हे तुमचं आहे. मला अजून राग आहे, आणि लग्नापर्यंत तो जाईल याची गॅरंटी नाही.

आणि एक. मामा म्हणून पक्ष घेतला असं कोणी बोलू नये, या टेन्शनमध्ये तुम्ही त्या दिवशी मामा पण नाही राहिलात आणि पंच पण नाही. दोन्ही गेलं. एवढी साधी गोष्ट तुम्हाला समजली नाही, आणि तुम्ही आम्हाला शिकवत होता.

सदाशिवमामांना मी फोन केला. त्यांना पहिल्या रांगेत हातवाली खुर्ची देणार आहे, ते खूश झाले. तुमच्या होणाऱ्या जावयाला, तुषारला पण सगळं सांगितलंय, त्याला फुटबॉल समजत नाही, पण माझा राग बघून तुमच्यासाठी घाबरलाय.

वीस तारखेला दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त आहे. कोट घालून वेळेवर या. मांडवात मागे वगैरे बसायचं नाही. मला बोहल्यावर तुम्ही आणायचं, आणि मंगलाष्टका संपेपर्यंत माझ्या पाठीमागून हलायचं नाही. लोक म्हणतील, भाची आहे म्हणून उभा राहिला. तिथे म्हणू द्या.

मामींना नमस्कार. लोभ तुटला नाही, फक्त त्याची आत्ता फर्माईश करू नका.

तुमची भाची
सायली