दाट लावलेलं पान

जव्हार, वसतिगृह

बाबा, तुमच्या करिष्माचा नमस्कार.

मी मजेत आहे, पोटभर जेवते. कॉलेजच्या अंकाची मांडणी माझ्याकडे आहे. पहिलं पान मी कडेपर्यंत ठासून भरलं होतं. वर्गातली रंजना तोंडावर म्हणाली, "इतकी दाट नागली लावलीस तर कणसं भरतील का गं?"

राग आला, पण तिचं खरं होतं. मग मी त्यातली माझीच कविता काढून टाकली, अक्षरं मोठी केली, ओळी मोकळ्या केल्या. आता पान सगळ्यांना आवडलंय.

आपल्या सूर्यमाळच्या विहिरीला पाणी आहे ना अजून?

हे पत्र आई वाचून दाखवेल, पण सोबतचं अंकाचं पान तुम्हीच वाचा. एवढी मोठी अक्षरंही दिसली नाहीत, तर रंजनासारखं तोंडावर सांगा. डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला मी येते.

तुमचीच,
करिष्मा