लाल ग्रहाचा निरोप, नांदेडमार्गे

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
लातूर, मंगळवार

चि. सौ. मंजुश्री हिस अमरनाथचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? (डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू दहा वेळा करतेस की बारा, ते कळव, ‘करते थोडाफार’ हे उत्तर नव्हे.) येथे सर्व क्षेम. उमाशंकरने त्याच्या वास्तुशांतीपासून, म्हणजे गेले चार महिने अकरा दिवस, माझा फोन उचललेला नाही. परंतु धाकट्या भावाचा रुसवा हा या पत्राचा विषय नव्हे. त्याच्या अहमदपूरच्या नव्या घराचा उंबरठा कललेला आहे, हे मी माझी बुडबुड्याची पाणसळ ठेवून सिद्ध केले. पाहुण्यांसमोर केले, हा योगायोग. मापन ते मापन.

विषय आनंदाचा आहे. मंजू, संपर्क झाला!

निवृत्तीनंतर मी लोकांचे उंबरठे मोजत फिरू नये, म्हणून तू तो अंतराळमोहिमेचा खेळ माझ्या संगणकावर टाकून दिलास. त्यातील लाल ग्रहाभोवती माझे मानवरहित यान तीन आठवडे घिरट्या घालत होते. उतरण्याचा हुकूम द्यावा, तर संपर्क शून्य. ग्रह जवळ असताना उत्तम बोलणारे यान, ग्रह दूर सरकताच मुके! कारण उघड आहे. दोन्ही टोकांच्या अँटेनांच्या शक्तींचा गुणाकार करून वर्गमूळ काढावे, तेवढाच पल्ला मिळतो; आणि वजन वाचवण्यासाठी मी यानावर काडीएवढी अँटेना बसवली होती. (वजन मात्र ग्रॅमपर्यंत बिनचूक होते.) ग्रह पुन्हा जवळ येईपर्यंत स्वस्थ बसावे, असा एक मार्ग होता. तो आळशांचा, मी नाकारला. मध्ये उपग्रह ठेवून निरोप पुढे पोचवावा, हा दुसरा. मी एक नव्हे, तीन सोडले. लाल ग्रहाभोवती एकाच उंचीवर, परस्परांपासून बरोबर एकशेवीस अंशांवर. ती मांडणी पाहून माझेच डोळे भरून आले. तिघांवर यादीतील सर्वांत बलवान अँटेना. तिघेही माझ्याशी खणखणीत बोलत. यान मात्र मुकेच.

दोन दिवस गणित तपासले. चूक नव्हती (ती नसतेच). शेजारी डाळ पाखडत बसलेल्या तुझ्या वहिनीने, रत्नम्माने, अखेर विचारले, “काय झालं हो? गुमान का बसलाव?” तिला कळणार नाही हे गृहीत धरून मी सर्व सविस्तर सांगितले. ती म्हणाली, “मंग ते तिघं त्याचा निरोप तुमाला का सांगत न्हाईत?” मी म्हटले, ते अतिशय बलवान आहेत. “बलवान असून काय करायचं? आपलंच सांगून राहिलेत की लई. दुसऱ्याचं ऐकून पुढं सांगायचं काम त्यांला दिलंय का?”

मंजू, दिले नव्हते! यादी उघडली. अँटेना दोन जातींच्या: एक केवळ स्वतःचे बोलणारी, दुसरी इतरांचा निरोप पुढे नेणारी. मी तिन्ही उपग्रहांवर पहिली बसवली होती. (हा फरक यादीत अक्षम्य बारीक अक्षरांत दिला आहे, खेळ बनवणाऱ्यांना मी चार पानी पत्र पाठवले आहे.) मग घाईने चौथा उपग्रह सोडला. रूप ओबडधोबड, कक्षा वेडीवाकडी, अँटेना मात्र निरोप्याची. आणि काल संध्याकाळी पडद्यावर हिरवी रेघ उमटली, त्या ओबडधोबडातून थेट यानापर्यंत! मी असा ओरडलो की रत्नम्माच्या हातचे सूप पडले. हुकूम दिला, छत्री उघडली, यान उतरले!

तुझ्याकडील थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, गुडघ्यास व्यायाम.

तुझा अण्णा,
अमरनाथ

ता. क. १: यान पडद्यावर किंचित कललेले दिसते. टेबलच वाकडे असेल म्हणून त्यावर पाणसळ ठेवली. तिने उतार दाखवला. खात्रीसाठी ती उलट दिशेने फिरवून ठेवली, तर बुडबुडा पुन्हा तिच्या त्याच टोकाला. म्हणजे दोष टेबलात नाही, पाणसळीत आहे. वास्तुशांतीच्या दिवशी मी ती फिरवून पाहिली नव्हती.

ता. क. २: उमाशंकर तुझा फोन घेतो. त्याला सांग, अण्णा रविवारी सकाळच्या बसने नांदेडला, तुझ्याकडे, निघाला आहे. बस अहमदपूरच्या स्टँडवर थांबते, त्याने तेथे यावे. (वाटेवरच्या अहमदपूरला लातूरचा निरोप नांदेडमार्गे धाडणे हास्यास्पद आहे, याची मला जाणीव आहे.) पाणसळीचे मात्र सांगू नकोस. ते मीच सांगेन.

ता. क. ३: तो आला, तर मी तेथेच उतरेन. जेवायला थांबू नकोस.