समोरून लावलेली आग

राजूर, चैत्र, १९७१

तीर्थरूप आईस मनकर्णेचा नमस्कार.

शेजारचा सूर्यभान वाचून दाखवेल. त्याला म्हणावं, सावकाश वाच.

मी बरी आहे. यंदा वणव्याच्या राखणीला ह्यांच्या जागी मला नेमलंय, चार गावांची माणसं हाताखाली आहेत.

परवा गोजरबाई शेतात पालापाचोळा जाळून भाताच्या रोपांसाठी राब भाजत होती. भर वाऱ्यात! मी अडवलं तर म्हणते, "राब न्हाई भाजला तर रोपं काय तुझ्या शिट्टीवर उगवत्याल?" तिचंही खरंच. आता वारा पडला की सकाळी, आमची माणसं भोवती उभी करूनच राब पेटवतो.

तरी काल जाळ डोंगराच्या गवतात गेला. आम्ही समोरून दुसरी आग लावली. आई, दोन्ही आगी एकमेकींकडे धावल्या आणि भेटल्यावर विझल्या! असं कशानं होतं? जंगल खात्याच्या साहेबांचं पुस्तक मागून आणलंय, अक्षरं जुळवत वाचते.

हे गेले त्या वणव्यात समोरून कुणीच आग लावली नव्हती.

नोकरी सोडून ये म्हणतेस. पण अजून पुष्कळ राब भाजायचे राहिलेत, ते भाजताना मी इथं हवी.

शेळी व्याली का? चुलीपाशी पदर खोचून बसत जा.

तुझी लेक,
मनकर्णा