डरकाळ्या सुरू व्हायच्या आत

१७ मार्च

मामाची होडी वळणाआड गेली तरी तिचा आवाज बराच वेळ येत होता. आता मी, नदी आणि ताडपत्रीखाली सामानाचा ढीग.

काम साधं आहे म्हणे. "झोपायला, खायला, बसायला नीट जागा कर," टिपेनेमामा म्हणाला. "राजवाडा नको. पण आपला म्हातारा राहू शकेल असं काहीतरी." म्हातारा म्हणजे कोरो रोंगो, माझे आजोबा. दर एप्रिलला हरणांचे नर माजावर येऊन डरकायला लागले की घरची मंडळी शिकारीला या खोऱ्यात येतात. ही रीत कोरोंनीच पाडली. पण गेल्या वर्षी ते पावसात भिजले, छाती भरली, महिनाभर खोकत होते. त्यात नंतर खुब्याचं ऑपरेशन. हुइयामावशीने जाहीर करून टाकलं – यंदा बाबा जाणार नाहीत. मामाने फारच गळ घातली तेव्हा एवढंच म्हणाली, "तळ मी स्वतः येऊन बघणार. मग ठरवू."

 पण मी निघालो तेव्हा कोरो पायरीवर बसून बुटांना तेल चोळत होते. शिकारीच्या बुटांना.

मीच का? कारण मी रिकामा. किवीच्या बागेतलं काम सोडलं, त्याआधी मासेमारीच्या बोटीवरचं. मामा म्हणतो, "केपा, तू पंधरा दिवस एका जागी टिकलास तर मी नाव बदलीन." बघू. एप्रिलनंतर नेल्सन बंदरातून एक बोट निघतेय, तिच्यावर माझी जागा धरलेली आहे. तोवर हे.

१८ मार्च

बारीक काळ्या माश्या. घोटे सुजलेत. दुसरं काही केलं नाही.

२० मार्च

स्वयंपाकाची जागा झाली. मानुकाच्या लाकडाचे वासे, वर मोठी ताडपत्री, पाणी मागे निघून जाईल असा चर. लोखंडी चूल बसवली. धुराडं ताडपत्रीपासून हातभर लांब ठेवलंय, नाहीतर पहिल्याच दिवशी आपलीच होळी.

मग संडासाचा खड्डा खणायला निघालो. वाटेत ओढ्यात मांडीएवढी वाम दिसली. दुपार तिच्यात गेली. वामही गेली. खड्डा उद्या.

२३ मार्च

खड्डा झाला. वर लाकडी बैठक, समोर नदी – बसून राहावंसं वाटेल. तिथून तळापर्यंत कंबरेच्या उंचीवर दोर बांधलाय, कोरोंना धरायला. मीच डोळे मिटून, लंगडत चालून बघितलं. पडलो. दोर जरा वर घेतला.

आणि पलंग! गुडघ्यापेक्षा उंच, म्हणजे उठताना खुब्यावर जोर यायला नको. दोन वाशांमध्ये पोती ताणली, वर जाड गादी. थेट चुलीशेजारी ठेवलाय. उशीच्या वर फळी ठोकली, तिच्यावर किटली, साखर, बिस्किटं. पडल्या पडल्या हात लांबवला की चहा. मला कोणी असा पलंग दिला असता तर मीही इतका भटकलो नसतो.

२६ मार्च

मामाच्या होडीतून मावशी आली. आल्या आल्या दोराला लटकून बघितलं. बैठकीवर चक्क बसून बघितलं.

"हे तुझ्या डोक्यातून निघालं?"

"हो."

"मग शाळेत जाताना ते घरी ठेवून जायचास का रे?"

म्हटलं, जमलं. मग ती ताडपत्रीखाली आली आणि पलंगाकडे बघत उभी राहिली.

"इथे कोण झोपणार?"

"कोरो. सगळ्यात उबेची जागा आहे."

तिने फळीवरची किटली उचलली, टेबलावर नेऊन ठेवली. मग साखर. मग बिस्किटं. एकेक करून. मग मामाकडे वळली. "गेल्या वर्षी सगळे कुठे झोपला होतात?"

"इथेच, चुलीभोवती." मामा होडी बांधत होता. "तंबूत पाणी शिरलं, तेवढंच कोरडं होतं. म्हाताऱ्याला किती सांगितलं आत ये म्हणून. म्हणे मला उकडतंय. जाऊन पडला त्या रिमूच्या झाडाखाली."

"पावसात उकडत होतं?"

मामाचा गाठ मारणारा हात थांबला.

मला तेव्हाही कळलं नव्हतं. गेल्या वर्षी मी इथे नव्हतोच. मावशीनेच सांगितलं, न रागावता. "आपल्या जुन्या रीतीत डोकं पवित्र; अन्न शिजतं तिथे बाबा डोकं टेकत नाहीत. डोक्यावरून खाण्याचं भांडं गेलेलं त्यांना चालत नाही. तुझी आई भांड्यांची फडकी कपड्यांत धुवायची का कधी?"

नाही. ऑकलंडच्या त्या एवढ्याशा फ्लॅटमध्येही आईच्या दोन वेगळ्या बादल्या असायच्या. मी समजायचो तिला स्वच्छतेचं वेड आहे.

"मग त्यांनी सांगायचं ना तसं."

"पोरं कुडकुडत होती. त्यांना उठवून बाहेर काढायचं होतं का त्यांनी?"

जाताना मामाला म्हणाली, "तीन तारखेला बाबांना घेऊन ये. पण आधी तू एकटा उतर आणि बघ. झोपायला वेगळं, पक्कं छप्पर नसेल तर त्यांना उतरवू नकोस. तसेच परत आण."

म्हणजे इथवर येऊन परत. तेल लावलेले बूट घालून.

२७ मार्च

दुसरी ताडपत्री नाही. दुसरी चूल नाही. छप्पर काय आभाळातून आणू? मनापासून केलं तरी हे असं. बॅग भरली. उद्या नदीकाठाने चालत सुटतो, नेल्सनला जाऊन बोटीची वाट बघतो. मामाला नाव बदलायला नको.

२८ मार्च

निघालो होतो. खरंच निघालो होतो. पण थोडं खाली गेल्यावर रानडुकराचा ताजा माग दिसला. माग नदी उतरून पलीकडे गेला, मीही गेलो. डुक्कर काही मिळालं नाही. मिळालं ते झुडपात गडप झालेलं एक पडकं खोपटं, जुन्या लाकूडतोड्यांचं असणार. भिंती कुजल्यात, पण छताचे पत्रे शाबूत! आणि कोपऱ्यात लोखंडी पिंप कापून केलेली शेगडी, धुराड्यासकट. धुराड्यात पाखराचं घरटं, रिकामं.

बॅग तिथेच टाकली. पहिला पत्रा डोक्यावर घेतला.

३१ मार्च

पत्रे, शेगडी आणि शेवटी माझी बॅग, सगळं नदीतून ओढत आणलं. हात जागोजागी कापलेत, लिहिताना पानाला रक्त लागतंय. पण खोली उभी राहिली. तळलेल्या पावाचा वास येणार नाही इतकी लांब, हाक ऐकू जाईल इतकी जवळ. दोर तिथपर्यंत वळवला. पलंग आत. पिंपाची शेगडी फक्त उबेला, तिच्यावर कोणी चहा ठेवला तर त्याची गाठ माझ्याशी आहे. अंग धुवायची बादली वेगळी, भांड्यांची वेगळी, दोन्ही दोन टोकांना टांगल्या.

संध्याकाळी समोरच्या कड्यावरून यंदाची पहिली डरकाळी. हातोडी हातात तशीच राहिली. मग खिळा ठोकायचा विसरलोच, तो आत्ता आठवला.

३ एप्रिल

होडी लागली. मामा एकटा उतरला, खोलीत शिरला. आत किती वेळ लावला! होडीत कोरो सरळ पुढे बघत बसलेले, बूट चकाकत होते. मामा बाहेर आला तो थेट गुडघाभर पाण्यात गेला आणि त्यांच्यासमोर पाठ करून वाकला.

"मी काय बटाट्याचं पोतं आहे?" कोरो त्याच्या पाठीवरून.

"पोतं परवडलं. ते बोलत नाही."

कोरोंनी पलंगावर हात फिरवला. शेगडी बघितली. दारातून लांबच्या स्वयंपाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोणी सांगितलं तुला?"

"मावशीने."

"हं." बूट काढून दाराबाहेर ठेवले आणि मामाला म्हणाले, "मग टिपेने, तुझं नवीन नाव काय ठेवायचं?"

मागच्या होड्यांतून आलेल्या बाकीच्यांनी आपापले तंबू ठोकले. माझा तंबू नाही. मी चुलीशेजारी पडतो. माझ्या डोक्याचं काय एवढं.

४ एप्रिल

पहाटे तीन बाजूंनी नर डरकत होते, खोरं नुसतं दणाणत होतं. कोरो झोपलेले. चांगलं उजाडल्यावर उठले आणि माझ्यावरच उखडले. "ते ऐकायला मी आलो, आणि तू हा असला पलंग करून ठेवलास. आता पोटभर ऐकल्याशिवाय मी घरी जात नाही. हुइयाला तसा निरोप दे."

निरोप धाडला. त्यांना उठवायचं काम माझ्याकडे.

६ एप्रिल

दिवसभर पाऊस. मामाबरोबर वर होतो. नर मिळाला, मांस पाठीवर वाहून खाली आणलं. तळावर आलो तर चुलीशेजारी माझं पांघरूण नाही. बॅगही नाही.

कोरोंच्या खोलीत सापडली. पलंगाशेजारी जमिनीवर नेच्याची पानं अंथरलीत, ताजी, जाड, देठ सगळे खालच्या अंगाला. वर माझं पांघरूण. उशीला माझा स्वेटर घडी करून. नेचे उगवतात ते ओढ्यापलीकडे, दोर संपतो त्याच्या कितीतरी पुढे. शेगडीसमोर कोरोंची पँट वाळत टाकलेली, गुडघ्यापर्यंत चिखल.

ते भिंतीकडे तोंड करून झोपलेत. किंवा तसं दाखवतायत.

मी बूट काढले. बाहेर ठेवले, त्यांच्या बुटांशेजारी.