मंडईचं बोलावणं

रविवार, ५ ऑक्टोबर. सकाळी ६.१०

आजपासून दर रविवारी एक तास लिहायचं. अर्धा तास चालू आठवडा, अर्धा तास लहानपण. उकव्याच्या खाणीत टाइम ऑफिसात चौतीस वर्षं लोकांची हजेरी लिहिली, म्हणजे हाताला वळण आहेच. राज्यच हिंदीचं, तिथे सगळं हिंदीत होतं. ही वही मात्र मराठीत, कारण अनुसयेला मराठी लिखाण वाचायचा कंटाळा आहे. गुप्तता राहील.

ती इथे नाहीच, हे वरचं वाक्य लिहून झाल्यावर लक्षात आलं.

मार्चमध्ये पंधरा दिवसांसाठी नागपूरला वीरेंद्रकडे गेली. सूनबाईची नोकरी परत सुरू झाली, नातीला शाळेतून आणायला घरचं माणूस हवं होतं. पंधरा दिवसांचे सात महिने झाले, याचा अर्थ काम थोडं जास्त निघालं, एवढाच. तिला तिथे मुळीच करमत नसणार. बोलत नाही बिचारी.

माझं उत्तम चाललं आहे. स्वयंपाकघराची शिस्त लावली. सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: हळद, जिरं, मीठ, मीठ (जुनं). अनुसयेला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "चाळीस वर्स मी बिनचिठ्ठीनं रांधलं, तुमाले चिठ्ठ्या लागल्या." कौतुकच ते, तिच्या पद्धतीचं.

संकल्प: रोज तलावाला दोन फेऱ्या. स्वतःचा स्वयंपाक स्वतः. शेजारच्या तुळसाबाई भाजी आणून देतात, ती घेणं हळूहळू बंद. एकदम बंद केलं तर त्यांना वाईट वाटेल.

लहानपण राहिलं. तास संपला.

रविवार, १२ ऑक्टोबर. सकाळी ८.४५

फेऱ्या झाल्या नाहीत. चपलेचा अंगठा तुटला आहे.

महत्त्वाची बातमी. काल मारुतीच्या पारावर बैठक झाली, मंडई (भाजीची नव्हे, आमची गावजत्रा) गुरुवारी, ६ नोव्हेंबरला ठरली. आमचा वॉर्ड पूर्वी वेगळं गाव होतं. नगरपालिकेत आलो, नळ आले, पण दिवाळीनंतरच्या मंडईचा दिवस आम्ही आमचाच ठेवला आहे. यंदा पाहुणे आमच्या घरी. दोन वर्षं अनुसयेच्या गुडघ्यांमुळे राहून गेलं होतं. तिच्यावाचूनही हे घर पाहुणचार करू शकतं, हे लोकांना दिसलं पाहिजे. यादी केली. चौदा माणसं.

आता लहानपण. मंडईच्या दिवशी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. दुपारी शिंगाडे, ऊस, जिलबी, मग बाबांच्या खांद्यावर बसून दंडारीतली, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातली, सोंगं पाहायची. मंडईला मात्र कोणी आपण होऊन येत नसे. बोलावणं लागायचंच. बाबा सायकलवर गावोगाव जाऊन प्रत्येकाला तोंडाने "येजो" (जरूर ये) म्हणून यायचे. एका वर्षी राजेगावच्या आत्याला सांगायचं राहून गेलं. सख्खी बहीण, तिला काय सांगायचं, असं बाबांनी धरलं. आत्या नवं लुगडं नेसून दिवसभर स्वतःच्या दारात बसली. आमचं गाव चालत दीड तासावर. पण आली नाही. पुढे तीन वर्षं बाबांशी बोलली नाही.

बाबांच्या वेंधळेपणाचं अजून हसू येतं. एका शब्दाचं काम होतं.

रविवार, १९ ऑक्टोबर. दुपारी १२.३०

बोलावण्यांची मोहीम पूर्ण. बाबांच्या चुकीतून धडा घेतला, एकही माणूस सोडला नाही. लामत्याच्या जिजाबाईला (माझी धाकटी बहीण) दोनदा फोन. भाचे, मावसभाऊ, खाणीतले मोतीलाल, सगळ्यांना स्वतः "येजो" म्हटलं. तुळसाबाईंना दारात जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी त इथंच राहातो नं भाऊ, मले काहून बोलावता?" मी म्हटलं, पद्धत म्हणजे पद्धत.

सकाळी अनुसयेचा फोन आला होता. दर रविवारी येतो. तिने विचारलं, "मंडई कई हाय आपली?" तारीख सांगितली. चौदा पाहुणे हेही सांगितलं. मग म्हणाली, "मंग रांधन कोन एवढ्याईचं?" मी म्हटलं, त्याची तू चिंता करू नको, मी सगळं जमवलं हाय. ती म्हणाली, "हौ. मंग बरं हाय."

तिची अवस्था मी ओळखली. थक्क झाली असणार. ती न सांगता येणार, माझा अंदाज आहे. चाळीस वर्षांत एकही मंडई चुकवलेली नाही तिने. मला चकित करायचा बेत असेल. मी चकित झाल्याचं दाखवीन.

दिवाळीला येणार का, हे विचारायचं राहिलं. तिनेही काढलं नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर. सकाळी १०.००

दिवाळी शांततेत झाली. प्रदूषण नाही. पाच दिवे लावले, दोन वाऱ्याने गेले, ते परत लावले नाहीत. तुळसाबाईंनी करंज्या दिल्या. घेतल्या (वाईट वाटेल म्हणून).

या आठवड्यातली कामं: तिच्या खाटेची पट्टी नव्याने विणून घेतली. तिच्या पेटीतल्या साड्या उन्हात टाकल्या. न्हाणीघरात तिला धरायला दांडा बसवला. तिच्या खोलीत जास्त उजेडाचा बल्ब लावला. ही सगळी घराची सर्वसाधारण देखभाल आहे. कोणासाठी म्हणून नाही.

तिचा फोन आला नाही म्हणून दहा वाजायच्या आत मीच लावला. तसं मी सहसा करत नाही. नातीने उचलला. म्हणाली, "दादाजी, दादी तो वॉक पे गई है अपनी सहेलियों के साथ।" मी विचारलं, दादी रडते का. नात म्हणाली, "क्यों?"

सहेल्या! पासष्टाव्या वर्षी! करमत नाही म्हणून माणूस कुठेही पाय नेतो, ते हे. गुडघ्यांचं काय झालं, ते मात्र कळलं नाही.

१०.४०. तिचा फोन. "तुमाले काई लागते काय? काई सांगाचं होतं काय?" मी म्हटलं, मले काई नाई लागत. तिने परत विचारलं, "काईच नाई?" एकच गोष्ट दोनदा विचारायची तिची सवय जुनीच आहे. काईच नाई, म्हटलं.

आज लहानपण आठवलं नाही. आईचा पदर आठवला होता, पण तो लिहिण्यासारखा विषय नाही.

रविवार, २ नोव्हेंबर. दुपारी ४.१५

वड्यांची रंगीत तालीम घेतली. उडदाची डाळ भिजवली, वाटली, तळली. आकार उत्तम. आतून कच्चे. तुळसाबाईंनी एक खाऊन पाहिला आणि म्हणाल्या, "गुरुवारी मी येतो रांधाले, तुमी बस पाहुण्याईजवळ बसा." मी परवानगी दिली.

जिजाबाईचा फोन. कंबर धरली आहे, एसटीत बसवत नाही. (इकडे आमच्या राज्यात सरकारी बस बंद होऊन किती वर्षं झाली, ती अजून प्रत्येक बसला एसटीच म्हणते.) भाच्यांच्या गावची मंडईही गुरुवारीच निघाली. मोतीलाल मुलाकडे भिलाईला गेले. चौदातून आता पाच. पाच हा आटोपशीर आकडा आहे. पाहुण्यांकडे नीट लक्ष देता येतं.

बुधवारी, गुरुवारी नागपूरच्या बस किती वाजता येतात, याची स्टँडवर सहज चौकशी केली. माहिती असलेली बरी.

आजच्या फोनवर अनुसया कमी बोलली. "मंडई नीट होऊ द्या तुमची," म्हणाली. "तुमची" का म्हणाली, यावर थोडा विचार केला. नागपूरची भाषा असेल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. मंडई

सकाळी ७.०० दाढी. इस्त्रीचा सदरा. अंगणात सडा तुळसाबाईंनी घातला. रविवार नसला तरी विशेष दिवस म्हणून लिहितो आहे.

११.२० स्टँडवर. पान खायला आलो होतो. नागपूरची बस आली. एकेक माणूस उतरेपर्यंत पान खाल्लं.

१.०० घरी. एक भाचा मोटरसायकलवर येऊन गेला. पाणी प्यायला, म्हणाला, मामाजी, पुढच्या गावाला जायचं आहे. दोन वडे कागदात बांधून दिले.

२.४५ स्टँडवर. दुसरी बस. हिरव्या साडीतल्या एका बाईला हाक मारली. ती अनुसया नव्हती. तिला मी वाट विचारली, माझ्याच घराची. तिने नीट सांगितली.

५.०० पाहुण्यांची हजेरी: एक, तीही दहा मिनिटं. तुळसाबाई आणि मी जेवलो. चाळीस वडे उरले. दंडार सुरू झाली आहे, ढोलकी इथवर ऐकू येते. बाबांचा खांदा आठवला. तिथून सगळं दिसायचं. आज ओट्यावरून फक्त माणसांच्या पाठी दिसतात.

मला फार एकटं वाटलं. हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

रविवार, ९ नोव्हेंबर. दुपारी १.३०

तुळसाबाई डबा परत न्यायला आल्या होत्या. मी बोलून गेलो, की चाळीस वर्षांत पहिल्यांदा अनुसयेने मंडई चुकवली, शहराचं वारं लागलं, दुसरं काय. त्यावर त्यांनी उचललेला डबा परत खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बाईनं धनतेरसपासून बॅग भरून ठेवली होती, भाऊ. मले फोन करे रोज. म्हणे, साऱ्या दुनियेले बोलावून राह्यले, मले एक डाव येजो म्हणत नाई."

मी म्हटलं, घरच्या बाईले काहून बोलवा लागते? तिचंच घर हाय.

त्या म्हणाल्या, "तेच त ऐकाचं होतं तिले."

म्हणाल्या, गुरुवारी सकाळी हिरवी साडी नेसून बसली होती. वीरेंद्र दोनदा म्हणाला, चल आई, गाडीने सोडतो. ती म्हणाली, बोलावणं आलं नाही.

राजेगावच्या आत्याचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं, ते मला आठवत नाही. मघापासून तेच आठवून पाहतो आहे.

२.१५. ठरलं. आज तिच्या फोनची वाट पाहायची नाही. बरोबर चार वाजता आपण लावायचा. तिचा चहा चारला होतो. काय बोलायचं, ते लिहून काढतो, म्हणजे गडबड नको:

"अनुसया, मी बोलून राह्यलो. तुझ्याबिगर घरात करमत नाई. मंडईले बोलावलं नाई, चुकलं माह्यं. येजो."

चार वाक्यं. चौदा माणसांना "येजो" म्हटलेलं आहे, सराव दांडगा आहे. मोठ्याने तीनदा वाचून पाहिलं. तिसऱ्या वेळी आवाज नीट लागला.

३.५०. पाणी प्यालो. परत एकदा वाचलं.

४.१०. फोन झाला.

पहिल्याच रिंगला तिने उचलला. म्हणाली, "हौ, बोला." वही समोर होती, बोट पहिल्या वाक्यावर होतं. मागे टीव्ही चालू होता, तो तिने बंद करायला सांगितला. मग अगदी हळू म्हणाली, "बोला नं. काहून फोन केला?"

मी विचारलं, हळद कोणत्या डब्यात हाय?

मग ती म्हणाली, "तुमी त चिठ्ठ्या लावल्या होत्या नं साऱ्या डब्याईले?"

मी म्हटलं, हळदीची पडली.

ती म्हणाली, "वरच्या फळीवर. डावीकडून तिसरा." आणखी काही हवं का, म्हणून विचारलं. नाई, म्हटलं. तिने फोन ठेवला.

स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. वरच्या फळीवर, डावीकडून तिसरा. चिठ्ठी चांगली चिकटलेली आहे.