रेमुटाकाच्या उताराआधी

आबा, मी आता सायकलची शर्यत बघते. टीव्हीसमोर बसून नाही, रस्त्याच्या कडेला उभी राहून, हातात घंटा घेऊन. तुमची लेक पंचाहत्तरीला टेकली, गुडघे कुरकुरतात, आणि इथं अप्पर हट नावाच्या गावात लेकीच्या घरी राहून सायकलवाल्या पोरींच्या नावानं ओरडते. जावई म्हणतात, आईंचा आवाज वेलिंग्टनपर्यंत जातो. तुम्हाला हसू आलं असतं. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच, तेव्हा अक्षराकडे बघू नका, लिहिलंय ते वाचा.

ही शर्यत तुमच्या माझ्या डोक्यातल्या शर्यतीसारखी नसते. पाच दिवस चालते. रोज वेगळा रस्ता, रोजचा वेळ धरायचा, पाची दिवसांचा मिळून जिचा सगळ्यात कमी ती जिंकली. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी एक पोरगी पुढे आली, मी घंटा वाजवून वाजवून हात दुखवून घेतला, पेढे काढायला निघाले, तर जावई म्हणाले, "आई, थांबा, अजून चार दिवस आहेत." आणखी गंमत सांगते. एका संघात सहा पोरी असतात आणि त्यातल्या पाच जिंकायला येतच नाहीत. एकीच्या पुढे राहून तिच्या वाटचा वारा खातात, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून देतात, आणि शेवटच्या चढाला मुकाट बाजूला होतात. मी लेकीला म्हटलं, हे तर आपल्याकडचं पंगतीत वाढणं झालं, सगळ्यांचं होईस्तोवर आपण उभंच. ती म्हणाली, "आई, त्यांना पगार असतो." मला त्या वाढणाऱ्याच जास्त आवडतात. पगार असला तरी.

छोट्या संघांना हॉटेल परवडत नाही, म्हणून गावातली माणसं एकेक पोरगी घरी ठेवून घेतात. यंदा आमच्याकडे एक आली. बावीस वर्षांची, इन्व्हरकार्गिलची. त्याच्या खाली मग समुद्रच, असं जावई म्हणाले. दारात आली ती पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपरा, हातात सायकल, आणि मला "किया ओरा" म्हणाली. मी नमस्कार म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती नमस्कार म्हणाली आणि मी किया ओरा, आणि दोघी हसलो. आजी म्हणायला शिकली. मी भाताचं भांडं पुढे केलं की म्हणायची, "हीप्स, आजी," म्हणजे ढीगभर. आबा, असं खाणारं माणूस घरात असलं की मला दुसरं काही नको असतं. चार दिवस मी नुसती तरंगत होते. कुकरच्या तीन शिट्ट्या तिच्या एकटीसाठी. आणि चार दिवसांचा वेळ मिळून ती होतीही चौथी. युरोपातल्या एका मोठ्या संघाची माणसं बघायला आली होती. पहिल्या पाचांत राहिली तर तिला घेणार, असं पक्कं बोलणं झालेलं. तिच्या आईचा रोज फोन यायचा.

पण पाचव्या दिवसाचा रस्ता रेमुटाकावरून होता. आमच्या ओट्यापुढच्या खिडकीतून तो डोंगर दिसतो, म्हणजे त्याची पाठ दिसते, आणि बहुतेक वेळा त्यावर ढग बसलेला असतो. पलीकडच्या सपाटीवरून सुरुवात, मग चढ, माथा, आणि मग इकडे आमच्याकडे उतार. त्या उताराला वळणामागून वळण आहे आणि वारा असा की गाडी ढकलल्यासारखी सरकते. माझी लेक एरवी गाडी चालवताना तोंड मिटत नाही, त्या रस्त्याला लागली की गप्प होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी पोरगी जेवता जेवता खिडकीबाहेर बघत राहिली. लेकीनं विचारलं, चढाचं टेन्शन आहे का. ती म्हणाली, चढाचं नाही, उताराचं. लेकीनं मला मराठीत सांगितलं आणि माझ्या हातातला डाव आमटीतच राहिला. गॅरेजचं पत्र्याचं दार वाऱ्यानं थडथडत होतं. तेव्हापासून मला पसरणीचा घाट दिसायला लागला.

मी नऊ वर्षांची आहे. वाईतलं आपलं दुकान, तासावर सायकल, पंक्चर, ओव्हरऑयलिंग. खंडेनवमी आहे आणि तुम्ही मला भाड्याच्या पाच सायकली पुसायला सांगून हार आणायला गेला आहात. मी फडक्यानं पुसते, पण त्या चमकत नाहीत. आईनं सकाळीच माझी वेणी घातली आहे, चप्प तेल लावून, आणि माझे केस कसे चमकतायत. मग मी खोबरेलाची बाटली आणते आणि पाची सायकलींच्या रिमा तेलानं पुसून काढते. उन्हात धरल्या की डोळे दिपतात. तुम्ही आलात, हार घातले, हळदकुंकू लावलं, म्हणालात, "पोरीनं लखलखीत केल्या." दुसऱ्या दिवशी दसरा. दवाखान्यातले कंपाउंडर आले आणि त्यातली एक घेऊन गेले. सायकल एसटीच्या टपावर टाकून पाचगणीला जायचं, बहिणीला सोनं द्यायचं आणि घाटानं पायडल न मारता खाली यायचं, असा त्यांचा दर दसऱ्याचा बेत. ते उतरले, पण शेवटून तिसऱ्या वळणाला वळले नाहीत.

जिवानिशी वाचले. पाय मात्र कायमचा आखडला. सायकल उचलून दुकानात आणली तेव्हा तुम्ही उकिडवे बसलात, रिमवर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मी दारात उभी होते. माझ्या वेणीला त्याच तेलाचा वास होता. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. जमलेल्या माणसांना म्हणालात, "ब्रेकचे रबर झिजले होते. बदलायला हवे होते. माझी चूक." रबर नवे होते, आबा. आदल्या आठवड्यात डबीतून मीच काढून दिले होते. त्यानंतर भाड्याला कोण येणार? दुकान मोडलं, तुम्ही डेपोत टायरी उचलायला लागलात. मला बोललात ते एकदाच, जेवताना, ताटाकडे बघत. "रिमला तेल लावायचं नाही. कधीच." मी म्हटलं, हो. बस, एवढंच. तुम्ही जाईपर्यंत ना तुम्ही विषय काढलात ना मी.

तर पाचव्या दिवशी पहाटे मला राहवेना. पोरगी अंघोळीला गेली होती, जावई गाडीत खुर्च्या टाकत होते. मी हळदकुंकवाचं तबक घेऊन गॅरेजात गेले. दसरा नसला म्हणून काय झालं, घाट तर होता. इथं उन्हाळ्यातही सकाळी खोबरेल गोठलेलं असतं, ते तळहातावर चोळून पातळ केलं. रिमला हात लावला नाही, आबा. जपून, पदर आवरून, रिमा कोरड्या फडक्यानं पुसल्या. हँडलला कुंकू लावलं. आणि दोन्ही चाकांच्या मधोमध एक छान चकती होती, भोकाभोकांची, पुरणयंत्राच्या जाळीसारखी. मला वाटलं शोभेची आहे. तिला बोटभर तेल लावून फडक्यानं चमकवली. पुढचीलाही, मागचीलाही. हात जोडले. पोरगी आली, कुंकू बघून हसली, मला मिठी मारून संघाच्या गाडीत बसून गेली.

आम्ही रस्ता बंद व्हायच्या आत माथ्यावर जाऊन बसलो. ढग एवढा खाली की कठड्यापलीकडे दरी आहे की भिंत, कळत नव्हतं. बारीक पाऊस. माणसं रंगीत रेनकोट घालून कडेनं बसलेली, पण कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, वाऱ्यात ऐकूच येत नव्हतं. शेजारी एक गोरे आजोबा, एवढ्या थंडीत उघड्या पोटऱ्या, स्वतःची सायकल मारत वर आलेले. त्यांच्या सायकलला तशीच चकती. मी कौतुकानं बोट दाखवून म्हटलं, "व्हेरी शाइन." ते हात हलवत लांबलचक काहीतरी बोलले. लेक म्हणाली, "आई, हात नको लावूस म्हणतायत. उतरून आलं की ती तव्यासारखी तापते. ब्रेक तिलाच लागतो ना."

"आणि रिमला?"

"रिमला आता काही नसतं गं. ते जुनं झालं."

जावयांच्या फोनवर शर्यत दिसत होती. ती फेदरस्टनला, डोंगराच्या पायथ्याशी आली, आमची पोरगी पुढच्या सात जणींत होती, तेव्हा मी लेकीचा दंड धरला आणि सांगितलं.

"किती तेल?" लेक म्हणाली. माझी लेक इंजिनियर आहे, ती आधी किती विचारते.

"बोटभर. दोन्हीला."

तिनं जावयांना सांगितलं आणि जावई पळत सुटले. रस्त्यावर केशरी जाकीट घातलेला एक माणूस होता, त्याच्याकडे वायरलेस होता. त्याला पटेचना. "कोकोनट ऑइल? ऑन द ब्रेक्स?" जावई म्हणाले, "हेअर ऑइल. माय मदर-इन-लॉ." मग तो पटापट बोलायला लागला. ती बातमी कुठून कुठून फिरून संघाच्या गाडीला कधी पोचणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. खालून मोटारसायकलींचे भोंगे ऐकू यायला लागले. ढगातून आधी दिवे आले, मग सात जणी, माना खाली, पाठीवरून वाफ निघतेय. आमची तिसरी होती. मागून गाडी आली, खिडकीतून एक बाई कमरेपर्यंत बाहेर येऊन ओरडत होती. पोरगीनं एकदा मागे पाहिलं आणि पायडल मारत राहिली. परत पाहिलं. आमच्यापासून वीस पावलांवर, जिथून रस्ता खाली वळतो तिथं, पाय टेकून थांबली.

गाडीच्या टपावरून दुसरी सायकल काढली, ती संघातल्या एका उंच पोरीची होती, सीट खाली करायला वेळ लागला. बाकीच्या सहा जणी दिसेनाशा झाल्या. मेकॅनिकनं चकतीला बोट लावलं आणि नाकाशी नेलं. मी तोंड फिरवलं. फिरवलं तर पोरगी माझ्याकडेच बघत होती. माझ्या हातात घंटा होती, ती वाजवायची की नाही ते मला कळेना. मग ती ढगात उतरून गेली.

पाच दिवसांचा वेळ मिळून चौदावी आली. संध्याकाळी घरी आली तेव्हा मी दारातच सांगितलं, तेल मी लावलं, मेकॅनिकची काही चूक नाही, आणि लेकीनं ते इंग्रजीत केलं. पोरगी म्हणाली, सकाळपासून ब्रेक किंचाळत होते, तिला वाटलं पावसानं. वर थांबले नसते तर पहिल्या वळणाला, असं म्हणून पुढे काही बोलली ते लेकीनं मराठीत केलंच नाही. मग मला म्हणाली, "ऑल गुड, आजी." मी भाताचं भांडं पुढे केलं. तिनं एक डाव घेतला आणि पुरे म्हणून हात आडवा धरला. युरोपातली माणसं तिला न भेटताच विमानतळावर गेली होती. तिच्या आईचा फोन आला तेव्हा ती अंगणात जाऊन बोलली, बराच वेळ. दुसऱ्या दिवशी गेली. जाताना वाकून नमस्कार केला, लेकीनं शिकवला असणार.

आता लेक पुण्याला सगळ्यांना फोनवर सांगते, आई होती म्हणून पोरगी वाचली, या वयात केवढं प्रसंगावधान. मला फोन देते. मी हसते, आणखी काय करणार. हे पत्र टाकायचं नाही आणि तिला दाखवायचंही नाही. एरवी माझ्या वेलांट्या तीच सुधारते, या तशाच राहतील.

आबा, त्या आजोबांनी चकतीचं सांगितलं तेव्हा शर्यत अजून सपाटीवर होती. परतीच्या वाटेवर जावई सहज म्हणाले, सपाटीवर सायकल बदलली तर काही बिघडत नाही, संघातल्या दोघी मागे येऊन पोरीला परत घोळक्यात नेऊन सोडतात, रोज होतं असं. मला ते आधी ठाऊक नव्हतं, पण वेळ होता हे ठाऊक होतं. माझ्या मनात आलं, काही झालं तर मेकॅनिकच्या माथी जाईल. पाऊस होता म्हणतील. इथं वास घेऊन बघणारं कोण आहे? मी पिशवीतून चकल्यांचा डबा काढला. लेकीला दिली, त्या आजोबांना दिली, ते खाऊन "नाइस" म्हणाले. जावयांना दिली. त्यांनी फोनवरची नजर न काढता आणखी एक मागितली, तीही दिली. मग झाकण लावलं, आणि मग बोलले.